धूर की धूळ? पक्षिनिरीक्षणातल्या सत्याविषयी

पक्ष्याची नोंद ही मुळात एक साक्ष असते. माळावर एकटा माणूस उभा असतो, पक्षी तीन सेकंद दिसतो आणि टेकाडामागे नाहीसा होतो. मागे उरते ती वहीतली एक ओळ: जात, संख्या, ठिकाण, वेळ. ती ओळ खरी की खोटी हे सांगायला पक्षी परत येत नाही आणि बहुतेक वेळा दुसरा साक्षीदारही नसतो. रसायनशास्त्रातला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येतो. उडून गेलेल्या पक्ष्याच्या बाबतीत ती सोय नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाकडे निदान वाळवलेली फांदी असते. पक्षिनिरीक्षकाकडे बंदुकीचा काळ संपल्यापासून फक्त शब्द असतो, आणि अलीकडे कधी कधी एखादे छायाचित्र. त्यामुळे खरे बोलणे म्हणजे नेमके काय, हा जुना प्रश्न इथे फार रोकडा होऊन समोर येतो.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा एक भाग बारकाईने हाताळला आहे. न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाचे लक्षण सांगताना ते अव्यभिचारी आणि व्यवसायात्मक असले पाहिजे, अशा अटी घातल्या आहेत. म्हणजे ते चुकीचे नसावे आणि निश्चयापर्यंत पोचलेले असावे. पहिल्या अटीसाठी भाष्यकार वात्स्यायन मृगजळाचे उदाहरण देतो. दुसऱ्या अटीचे त्याचे उदाहरण पक्षिनिरीक्षकाने दुर्बिणीच्या पट्ट्यावर कोरून ठेवावे असे आहे: दुरून काहीतरी वर उठताना दिसते, पण तो धूर आहे की धूळ हे ठरत नाही. डोळ्यात दोष नाही, वस्तू खरोखर समोर आहे, तरीही जे झाले त्याला प्रमाण म्हणता येत नाही, कारण पाहणाऱ्याचा निश्चय झालेला नाही. इथे अनिश्चय म्हणजे खोटेपणा नव्हे. खोटेपणा सुरू होतो तो अनिश्चित असताना निश्चित असल्यासारखे लिहिण्यापासून.

हिवाळ्यात सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळरानांवर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. त्यांतल्या माँटेग्यूच्या भोवत्याची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी या दोघी तपकिरी, दोघींच्या कंबरेवर पांढरा पट्टा, दोघींचे गवतावरून डुलत जाणे सारखेच. पांढुरक्या मादीच्या गालावरच्या काळसर डागामागे फिकट गळपट्टी असते, हा एक चांगला भेद. पण पक्षी उन्हाच्या दिशेने जात असेल तर ती गळपट्टी दिसत नाही. अशा वेळी वहीत ‘भोवत्या, जात नक्की नाही’ एवढेच लिहिणे प्रामाणिक असते. हे लिहायला सोपे वाटते, पण नसते. सोबतच्याने सकाळपासून अठ्ठेचाळीस जाती मोजल्या असतील आणि आपले घोडे सत्तेचाळीसवर अडले असेल, तर ती गळपट्टी नंतर, चहाच्या टपरीवर, हळूहळू दिसू लागते. स्मृती पुस्तकातले चित्र पाहते आणि त्यातला रंग उसना घेते. म्हणूनच जुन्या निरीक्षकांचा दंडक असा की टिपण आधी करावे, पुस्तक नंतर उघडावे. चोचीचा रंग, पायांचा रंग, शेपटीची लांबी हे सगळे पक्षी अजून डोळ्यांत असताना लिहायचे.

ब्रिटिश पक्षिनिरीक्षकांत अशा वाढवून सांगणाऱ्यासाठी ‘स्ट्रिंगर’ असा खास शब्द आहे. त्यातले थोडेच जण जाणूनबुजून लोणकढी थाप मारतात. बहुतेकांचा स्वतःच्या थापेवर विश्वास बसलेला असतो. नैतिकदृष्ट्या दोघांत फरक करावा लागतो, पण नोंदीचे नुकसान दोघे सारखेच करतात. दुर्मीळ पक्ष्यांच्या दाव्यांची छाननी करण्यासाठी ब्रिटनमध्ये १९५९ साली ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या नियतकालिकाची समिती स्थापन झाली. एखादी नोंद ‘सिद्ध नाही’ असे ही समिती म्हणते तेव्हा अनेक अनुभवी लोक दुखावतात, आपल्याला खोटारडे ठरवले असे त्यांना वाटते. वास्तविक समिती पुरावा अपुरा असल्याचे सांगत असते, माणूस खोटा असल्याचे नव्हे. न्यायदर्शनाच्या भाषेत ती संशय आणि विपर्यय, म्हणजे चुकीचे ज्ञान, यांची सरमिसळ टाळत असते.

पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची व्याख्या आणखी पुढे जाते. वाणी आणि मन वस्तुस्थितीला धरून असावे, जसे पाहिले, अनुमानिले, ऐकले तसेच बोलावे, हे पहिले. मग भाष्यकार वाणीचे तीन दोष सांगतो. ती फसवणारी नसावी, भ्रमाची नसावी आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध न करणारीही नसावी. पहिले दोन कोणालाही सुचतील. तिसरा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पक्षिनिरीक्षणात सर्वांत जास्त आढळतो तो हाच.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेल्या ई-बर्ड या ऑनलाइन नोंदस्थळावर यादी भरताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का? तीन तास फिरून फक्त नवरंग आणि स्वर्गीय नर्तक एवढेच लिहिणारा आणि कावळा, साळुंकी, चिमणी गाळणारा माणूस इथे ‘होय’ म्हणाला, तर त्याने लिहिलेला प्रत्येक पक्षी खरा असूनही यादी खोटी होते. कारण त्या यादीतून ‘इथे चिमणी नव्हती’ असा अर्थ निघतो. हे कागदी प्रकरण नाही. चिमणी देशातून नाहीशी होत चालली आहे, असे वर्षानुवर्षे बोलले जात होते. हजारो निरीक्षकांच्या याद्यांवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाने २०२० साली दाखवले की देशभराचा विचार करता चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत. हा निष्कर्ष काढता आला तो कंटाळवाण्या कावळा-चिमण्या इमानाने लिहिणाऱ्यांच्या जिवावर. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन झाले, तेही अशाच तीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून.

फसवणाऱ्या वाणीचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्राला परिचित करून दिला. मध्य भारतातल्या जंगलात एफ. आर. ब्लूइट यांना तो मिळाला होता, म्हणून जातीला त्यांचे नाव. पुढच्या दहा-बारा वर्षांत जेमतेम सात नमुने गोळा झाले. त्यांतले अखेरचे खानदेशात, सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत मिळवलेले. त्यानंतर फक्त एक नमुना: गुजरातेत मांडवी येथे १९१४ साली कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांना मिळाल्याची चिठ्ठी पायाला बांधलेला.

माइनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) हे पक्षिशास्त्रातले वजनदार नाव होते. १९५४ साली त्यांनी सुमारे वीस हजार पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. १९३७ साली सलीम अली त्यांच्यासोबत अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेवर गेले होते. त्या प्रवासात कर्नलसाहेबांनी आपल्याविषयी रोजनिशीत लिहिलेला तिखट मजकूर अलींनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच छापून टाकला, हा अलींच्या स्वभावाचा एक मासला. कर्नलसाहेबांच्या संग्रहात काहीतरी पाणी मुरते आहे अशी कुजबुज जुनी होती. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी काही छोट्या चोचीच्या पक्ष्यांचे नमुने तपासून दाखवले की त्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या नाहीत. मग पामेला रासमुसेन आणि रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी संग्रह पद्धतशीरपणे चाळला. जे निघाले ते असे: म्युझियममधूनच, इतरांनी मिळवलेले नमुने उचलायचे, जुनी चिठ्ठी काढायची, नवे ठिकाण आणि नवी तारीख लिहायची, आणि आपले म्हणून परत तिथेच दान करायचे.

चोरी पकडली गेली ती हातकामावरून. पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरणे हे हाताचे काम. पंख कसे दुमडायचे, मान किती ताणायची, पोटाची शिवण कुठून घ्यायची, हे प्रत्येक संग्राहकाचे ठरलेले असते. चिठ्ठी बदलता येते, पण शिवणीचा हात सहजी बदलता येत नाही. क्ष-किरणांनी मांडवीच्या रानपिंगळ्यात पाहिले तेव्हा वरवरच्या डागडुजीखाली डेव्हिडसन यांचा हात दिसला. म्युझियमच्या संग्रहातून त्यांचा एक नमुना हरवलेला होताच. १९१४ ची नोंद म्हणजे खानदेशातला जुनाच पक्षी निघाला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सविस्तर १९९९ साली प्रसिद्ध केले.

एका मृत पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी बदलली तर बिघडले काय, असे कोणी विचारू शकेल. बिघडले ते जिवंत पक्ष्यांचे. त्या चिठ्ठीवरचे ठिकाण प्रमाण मानून लोक तिथे शोध घेत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. ती नोंद बाद केल्यावर खऱ्या ठिकाणांची यादी हाती राहिली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडची जागा पाहिली, मग खानदेशाकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पर्णहीन झाडावर दिवसाढवळ्या रानपिंगळा बसलेला होता. ज्या मुलखात डेव्हिडसन यांना तो मिळाला, तिथेच तो ११३ वर्षे राहिला होता. पुढे तो मेळघाटात दिसला, २०१४ साली तर मुंबईपासून फारशा दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही. मधल्या काळात सातपुड्यातले किती सागवान गेले, याचा हिशेब त्या चिठ्ठीच्या नावावर मांडता येणार नाही. पण नामशेष मानलेल्या पक्ष्यासाठी कोणी जंगल राखत नाही, एवढे खरे.

इंग्लंडमधले हेस्टिंग्ज प्रकरण याच जातीचे, पण त्यामागची प्रेरणा बाजारी होती. ब्रिटनच्या भूमीवर मारलेल्या दुर्मीळ पक्ष्याला संग्राहक भरपूर पैसे मोजत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून पुढची तीसेक वर्षे हेस्टिंग्जच्या परिसरातून अशा पक्ष्यांचा पूर आला, आणि त्यांतले बहुतेक एकाच पेंढा भरणाऱ्याच्या दुकानातून. १९६२ साली ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ने, जॉन नेल्डर यांच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणाच्या आधाराने, शेकडो नोंदी रद्द केल्या. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेक जाती पुढे ब्रिटनमध्ये खरोखर दिसल्या आणि यादीत परत आल्या. म्हणजे अनेक नोंदींतले विधान ‘शक्य’ होते, पण साक्ष खोटी होती. शक्य असलेली गोष्ट खोटी सांगता येते, हे नोंदी तपासणाऱ्याला विसरून चालत नाही.

व्यासभाष्यातल्या व्याख्येचा उत्तरार्ध अजून उरतो. तिथे म्हटले आहे की वाणी सर्व भूतांच्या उपकारासाठी असते. तिने जीवांचा घात होत असेल तर ते सत्य नव्हे, पाप; पुण्याचा नुसता आभास. इथे पक्षिनिरीक्षकाची खरी कोंडी होते.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. नेहमी खरेच बोलायचे, हे त्याचे व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपली. मागून दरोडेखोर आले, त्यांनी विचारले, आणि कौशिकाने झाडी दाखवली. माणसे मारली गेली. कौशिक नरकात गेला. याच प्रसंगात कृष्ण एका व्याधाचीही कथा सांगतो, जो एका आंधळ्या श्वापदाला मारूनही स्वर्गात गेला. त्याचे नाव बलाक. बलाका म्हणजे बगळ्याच्या कुळातली पक्षीण, तेव्हा पक्ष्याच्या नावाचा शिकारी स्वर्गात आणि सत्यवादी मात्र नरकात, असा हा उलटा मामला आहे.

पक्षिनिरीक्षक हा आधुनिक कौशिक आहे. घुबडाच्या ढोलीचा, माळढोकाच्या अंड्याचा किंवा तिबोटी खंड्याच्या बिळाचा ठावठिकाणा त्याला माहीत असतो, आणि झाडीकडे बोट दाखवायला त्याला तोंड उघडण्याचीही गरज नसते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात. ते चित्र एका गटात टाकले की रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात. त्यांतला एखादा पकडणारा असू शकतो. तो नसला तरी बाकीचे एकोणीस पुरेसे असतात.

मग खोटे ठिकाण लिहावे का? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७९७ च्या निबंधात दाराशी आलेल्या खुन्याशीही खोटे बोलू नये, अशी टोकाची भूमिका घेतली. कृष्णाची भूमिका तिच्या विरुद्ध: न बोलून सुटका होत असेल तर बोलूच नये, आणि बोलणे भागच पडले तर अशा वेळी असत्यच श्रेयस्कर. पक्षिनिरीक्षकावर मात्र दुसरी वेळ जवळजवळ कधीच येत नाही. त्याला कोणी झाडाला बांधून विचारत नाही. मौनाची वाट त्याला सदैव मोकळी असते: नोंद हंगाम संपल्यावर टाकता येते, फक्त जिल्हा सांगता येतो, छायाचित्रातली स्थाननोंद पुसता येते. काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवते. त्यामुळे पक्ष्याच्या भल्यासाठी म्हणून दुसऱ्याच गावाचे नाव टाकणे हे इथे समर्थनीय ठरत नाही. हेतू कितीही चांगला असो, पुढच्या अभ्यासकाच्या हाती पडते ती आणखी एक मांडवीची चिठ्ठी. न सांगणे आणि चुकीचे सांगणे यांतली ही रेघ बारीक आहे, पण ती पुसली की पक्षी वाचत नाही आणि नोंदही वाचत नाही.

याहून अवघड प्रश्न असा की पक्ष्याशी खोटे बोलता येते का? सत्याचा विचार सहसा माणसामाणसांतल्या व्यवहारापुरता केला जातो. पण पावसाच्या तोंडावर नवरंग झाडीत शीळ घालू लागतो तेव्हा त्या शिळेला अर्थ असतो: ही जागा माझी आहे. मोबाइलवर तीच शीळ वाजवली की तो घास सोडून, अंगाची पिसे फुलवून, नसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून येतो. त्याला दिलेली ती माहिती खोटी असते, ती त्याला समजेल अशाच भाषेत दिलेली असते, आणि त्याने त्यावर विश्वास ठेवावा हाच हेतू असतो. खोटे बोलण्याच्या कोणत्या व्याख्येत हे बसत नाही, ते सांगणे कठीण आहे. फासेपारधी तित्तिराचा आवाज काढून तित्तिरालाच फाशात आणत. ते पोटासाठी होते, आणि ती फसवणूकच होती. ध्वनिफीत वाजवणारा तिला ‘प्रतिसाद घेणे’ म्हणतो. संशोधनात मोजणीसाठी असा आवाज वापरतात, ठरलेल्या वेळा, ठरलेल्या अंतराने. दिवसातून दहा टोळ्यांनी एकाच नराला दहा वेळा बोलावण्याशी त्याची तुलना होत नाही.

घरट्याच्या छायाचित्रात हा अप्रामाणिकपणा वेगळ्या रूपात येतो. कोकणात पहिल्या पावसानंतर तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करतो. चोचीत पाल किंवा खेकडा धरून काटकीवर बसलेला, जांभळ्या-पिवळ्या-केशरी रंगांचा हा मूठभर पक्षी हे दरवर्षीचे लोकप्रिय चित्र. बघणाऱ्याला वाटते, काय सुंदर क्षण टिपला! पण घास घेतलेला पक्षी एरवी काटकीवर रेंगाळत नाही, सरळ बिळात शिरतो. तो ताटकळत बसला आहे, कारण बिळासमोर तिवया मांडून माणसे बसली आहेत आणि त्याला आत जायचा धीर होत नाही. चित्रातला एकही पिसाचा रंग खोटा नसतो. चित्र जे सांगते ते मात्र खोटे असते. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या व्याख्येनुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा पोचवणे ‘शिकार’ या शब्दातच मोडते. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी इथे भाषेच्या बाबतीत बहुतेक छायाचित्रकारांपेक्षा जास्त प्रामाणिकपणा दाखवला आहे.

आमिषाचेही तसेच. पाण्याची कुंडी आणि दाणे ठेवून आडोशातून काढलेले चित्र वाईट नसते, फक्त तसे खाली लिहावे लागते. नावेतून गाठीशेव उधळून कुरवांचे थवे अंगावर घेतलेले चित्र ‘जंगलातला क्षण’ म्हणून देणे हे वीस हजार कातड्यांच्या मानाने किरकोळ आहे, पण चिठ्ठी बदलण्याचाच तो प्रकार.

शेवटचा मुद्दा श्रेयाचा. नोंदीत ‘कोणी पाहिला’ हाही रकाना असतो आणि तोही खरा असावा लागतो. पाहुण्याला पक्षी दाखवणारा गावातला वाटाड्या, पहाटे आधी जाऊन झाड हेरून ठेवणारा गुराखी, यांची नावे यादीत क्वचित येतात. जर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भरत भूषण यांनी आंध्रातल्या कडप्पा भागात त्याची चित्रे घेऊन गावोगाव विचारपूस केली, आणि जानेवारी १९८६ मध्ये तो पक्षी पुन्हा हाती लागला. रात्रीच्या काटेरी रानात तो पकडणारा माणूस स्थानिक शिकारी होता. भूषण यांनी त्याचे नाव आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले: ऐतन्ना.